फणसाच्या पलंगाचा खून

खून करायचाच तर तो होळीच्या दिवशी आणि दुपारी तीन वाजता, हे अरविंदरावांनी बराच विचार करून ठरवलं होतं. हल्ली ते मोबाईलवर ज्या गुन्हेगारी मालिका बघत, त्यांत सगळे खून काळोखात, पावसात आणि परदेशात होत. पोलादपूरच्या वरच्या आळीत यातलं काहीच सोयीचं नव्हतं. काळोख पडला की आळीतले लोक ओटीवर येऊन बसतात आणि कोण कुठे चाललंय याची जातीने चौकशी करतात. उलट दुपारी दोन ते चार या वेळात कोणाच्या घरात हत्ती शिरला तरी कोणी डोळा उघडणार नाही. मार्चातल्या दुपारी आळीवर एक पिवळसर गुंगी उतरते. पंखे हळू फिरतात, कुत्री सावलीत पाय पसरतात, आणि डोंगर धुरकट होऊन मागे सरकल्यासारखे वाटतात. खुनाला याहून चांगली वेळ नाही.

ज्याचा खून व्हायचा होता तो एक पलंग होता.

पलंग साधासुधा नव्हता. अख्खा फणसाच्या लाकडाचा, एकही खिळा न मारता नुसत्या लाकडी खुंट्यांवर उभा केलेला, आणि हलवायचा तर पाच बाप्ये लागणारा. डोक्याकडच्या फळीवर दोन मोर कोरले होते. ते मोर आहेत हे कोरणाऱ्याने सांगितलं म्हणून. एरवी पाहुण्यांना त्या खुडूक कोंबड्या वाटत. पण अरविंदरावांचं मोरांशी वैर नव्हतं. त्यांचं वैर होतं ते पलंगाच्या आवाजाशी. माणूस जरा हलला की पलंग कर्रर्र करून बोलायचा, आणि तोही असा, की पलीकडच्या घरातल्या साळूबाईंनी सकाळी विचारावं, "काय रे अरविंदा, निज नाय लागली काय?"

अरविंदरावांची एकतीस वर्षं एस.टी. स्टँडच्या नियंत्रण कक्षात गेली. माईकसमोर बसून त्यांनी हजारो माणसांना गावोगाव पाठवलं; स्वतः मात्र खुर्चीतच बसले. त्यामुळे असेल, पण त्यांना एक स्वप्न पडे. स्टँडवर एक गाडी उभी आहे. पाटी कोरी. ते चढतात, बसतात, गाडी अगदी अलगद निघते, धुकं लागतं, पुढे एक वळण दिसतं, त्या वळणापलीकडे काहीतरी फार सुंदर असणार याची खात्री पटते, आणि कर्रर्र! डोळे उघडावेत तर शेजारी अनुपमाबाईही जाग्या. "झोपा," एवढंच त्या म्हणत. बावीस वर्षं ती गाडी त्या वळणापलीकडे गेली नव्हती. गेल्या दिवाळीत निवृत्त झाल्यावर अरविंदरावांनी आयुष्याकडे मागितलं ते इतकंच, की एकदा ते वळण ओलांडू दे.

मग पलंग सरळ काढून टाकायचा की! पण ते इतकं सोपं असतं तर कट कशाला रचावा लागला असता? अनुपमाबाईंचं माहेर आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. अर्धी वाडी मुंबईला, अर्ध्या घरांना कुलपं. तिथे त्यांच्या आईने लावलेला फणस एका वादळात पडला, त्याच वर्षी आईही गेली, आणि थोरल्या भावाने, हैबतीने, त्या फणसाचा पलंग करून बहिणीच्या घरी आणून उभा केला. अनुपमाबाई तो पलंग पुसायच्या त्या गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तशा. त्यांना न विचारता तो गेला असता तर त्या भांडल्या नसत्या. गप्प झाल्या असत्या. बाईंचं ते गप्प होणं अरविंदरावांनी संसारात एकदाच पाहिलं होतं, आणि ते पुन्हा वाट्याला येण्यापेक्षा त्यांनी तुरुंग पत्करला असता. म्हणजे पलंग जायला हवा, आणि त्यात अरविंदरावांचा हात कुठेच दिसायला नको.

इथे होळी धावून आली. आळीची रीत अशी की होळीसाठी चोरलेलं लाकूड ही चोरी नव्हे. ओंडका असो, मोडकी खाट असो, कुंपणाची बल्ली असो, एकदा होळीवर चढलं की ते देवीचं. मालकाने परत मागायचं नाही, कुरकुर करायची नाही; उलट हसतमुखाने नारळ आणून वाहायचा. गेल्या वर्षी एका मास्तरांनी चोरीला गेलेल्या बाकासाठी आरडाओरडा केला, तर वर्षभर आळीने त्यांना बाकमास्तर म्हणून हाक मारली.

होळीचा म्होरक्या रावजी गिरणीवाला. अरविंदरावांनी त्याला गिरणीच्या घरघरीत गाठून कानात सगळं सांगितलं. रावजीने ऐकलं आणि डोळे पुसले. ते पिठामुळे पुसले की भावनेमुळे, हे कळलं नाही.

"भाऊ, आजवर लोकांची लाकडं आम्ही आणली. पण आपलंच लाकूड न्या म्हणणारा तुम्ही पयला. फक्त पलंग पडवीत काढून ठेवा. घरात शिरून न्यायचं रीतीत बसत नाय."

पलंग पडवीत काढायला निमित्त हवं, म्हणून अरविंदरावांनी घर रंगवायला काढलं. ही त्यांची पहिली चूक. खुनाचा कट दोन माणसांत राहतो; रंगाची बातमी आळीभर जाते. कोणी म्हणालं पांढरा द्या, कोणी म्हणालं पांढऱ्यावर पावसाळ्यात शेवाळ दिसतं, आधीच हिरवा द्या. साळूबाई रोज येऊन भिंतीला बोट लावून बघत आणि "अजून चांगला हाय की रं रंग," म्हणून कटाच्या मुळावरच घाव घालत. तुडीलचा रंगारी आला, त्याने सगळ्यात आधी पुढचं आणि मागचं, दोन्ही सागवानी दारं पॉलिशसाठी बिजागऱ्यांतून उतरवली, पडवीत भिंतीला टेकवली, आणि "होळी करून येतो" म्हणून जो गेला तो गेलाच.

दुसरी अडचण पलंगाने स्वतः काढली. तो खोलीतून बाहेर येईना. आडवा केला, उभा केला, तिरका केला. मग अनुपमाबाईंनीच सांगितलं, "अहो, तो आत बांधलाय. खुंट्या काढल्याशिवाय नाही निघायचा. आणि कुठली खुंटी आधी काढायची ते दादालाच ठाऊक."

म्हणजे खुनासाठी मयताच्या बापालाच बोलावणं आलं. मालिकांमध्ये असा पेच अरविंदरावांनी पाहिला नव्हता. त्यांना निदान दोन दिवस विचार करायला हवे होते, पण अनुपमाबाईंनी तोवर फोन लावलाही.

होळीच्या सकाळी पहिल्या गाडीने हैबती आला. साठी ओलांडलेला, वाळलेल्या शेंगेसारखा सडसडीत, खांद्याला हत्यारांची पिशवी. पलंग बघून त्याचा चेहरा असा उजळला की अरविंदरावांना भिंतीकडे बघावं लागलं.

"दाजी, रंगासाठी म्हणून का व्हईना, तुम्ही याची आठवण ठेवलीत. लोक आता लोखंडी घेतात. तुम्ही बावीस वर्षं जपलात त्याला."

अरविंदराव खोकले. हैबती एकेक खुंटी हलकेच ठोकून काढत होता, प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घालत होता आणि मोरांना फडक्यात गुंडाळत होता. अकरा वाजेपर्यंत पलंग पडवीत एका बाजूला रचला गेला. त्याच्या पलीकडे दोन्ही दारं.  अरविंदरावांना खरोखर वाईट वाटलं. क्षणभर वाटलं, रावजीला जाऊन सांगावं की रद्द. पण मग त्यांना ते वळण आठवलं आणि मन पुन्हा घट्ट झालं.

इतक्यात खिशातला मोबाईल टिंग वाजला. रावजीचा संदेश: "३ वाजता. पडवीतलं लाकूड. गुप्त ठेवणे." आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातही दुसरा मोबाईल टिंग वाजला. मग पलीकडे साळूबाईंच्या घरातही एक.

अरविंदरावांनी मोबाईल पुन्हा उघडला. रावजीने तो संदेश एकट्या त्यांना न पाठवता वरच्या आळीच्या होळी ग्रुपवर टाकला होता. ग्रुपात एकशे बारा माणसं, त्यातली निम्मी मुंबईत, आणि त्या निम्म्यांनी तेवढ्यात अंगठेही दाखवले. चार मिनिटांनी संदेश पुसला गेला. अरविंदराव पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकावले. अनुपमाबाई पुरण वाटत होत्या. चेहरा शांत. मोबाईल डब्यावर पालथा पडलेला.

"अहो," त्या म्हणाल्या, "पुरणपोळ्या झाल्या की मी दादाला घेऊन महाडला जाऊन येते. रंगाची शेड बघते. तुम्ही जेवून पडा जरा."

जे वदवून घ्यायला अरविंदराव सकाळपासून जुळवाजुळव करत होते ते बाईंनी स्वतःहून म्हणावं! त्यांनी मनातल्या मनात देवीला हात जोडले. हुशार गुन्हेगार अशा वेळी सावध होतो, हे त्यांना मालिकांनी शिकवलं होतं. पण त्यांनी चार पुरणपोळ्या तुपाबरोबर खाल्ल्या होत्या, आणि चार पुरणपोळ्यांनंतर सावध राहणं कुठल्याच मालिकेत दाखवलेलं नाही. दीडच्या सुमाराला भाऊबहीण पिशवी घेऊन निघाले. गुन्ह्याच्या वेळी आपण गाढ झोपेत असणं हाच उत्तम पुरावा, असं ठरवून अरविंदराव मोकळ्या झालेल्या खोलीत चटईवर आडवे झाले.

खोली केवढी मोठी वाटत होती. खिडकीतून येणारा उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलत होता. ते कुशीवर वळले. काही वाजलं नाही. पुन्हा वळले. नुसती शांतता, मऊ आणि लांबलचक.

मग ते स्टँडवर होते. तळव्यांना रस्ता गरम लागत होता, पण पोळत नव्हता. गाडी उभी होती. कोणीतरी "या साहेब" म्हणालं. ते बसले, गाडी अलगद निघाली, आणि झाडं एकेक करून मागे जाऊ लागली. सगळं पांढरट, धुरकट, जणू कोणी डोंगरांवर ओलं कापड वाळत घातलं होतं. वळण आलं. अरविंदरावांनी सवयीने श्वास रोखला. कर्रर्र झालं नाही. गाडी वळणापलीकडे गेली, आणि पलीकडे उतारभर पांगारा फुलला होता, पानं नसलेला, नुसता लाल, आणि त्याच्याही खाली, फार खाली, दरीत सावित्री नदी सुतासारखी पडली होती. अरविंदरावांचे डोळे भरून आले. हेच ते. याच्यासाठीच. मग त्यांनी शेजारी पाहिलं तर अनुपमाबाई बसल्या होत्या. त्या या स्वप्नात आजवर कधीच नव्हत्या.

"उठलात?" त्या म्हणाल्या.

अरविंदराव उठले होते. ते खऱ्या गाडीत, खऱ्या घाटात, महाबळेश्वरला जाणाऱ्या दुपारच्या फेरीत बसले होते. अंगात गंजी, खाली पट्ट्यांचा लेंगा, पाय अनवाणी, आणि काखेत उशी. मागच्या बाकावरच्या दोन बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. कंडक्टर जुना ओळखीचा. त्याने इतक्या आदराने मान झुकवली की अरविंदरावांना गाडीच्या चाकाखाली जावंसं वाटलं.

"मी... इथे कसा?"

"चालत आलात. घरातून निघालात, नळाला वळसा घातलात, साळूबाईंच्या कुत्र्याला बाजूला हो म्हणालात, आणि स्टँडवर येऊन गाडीत बसलात."

"झोपेत?"

"झोपेतच जाता तुम्ही. लग्नानंतर सहा वर्षं जात होतात. एकदा नियंत्रण कक्षासमोर उभं राहून मोकळ्या फलाटाला हात करत होतात. मी घरी आणून निजवलं. सकाळी तुम्हाला काही आठवेना, आणि मला सांगवेना. अख्खा स्टँड तुमच्या आवाजावर चालतो, तुम्हाला कसं सांगू की तुम्ही असे? म्हणून दादाला म्हटलं, पलंग असा कर की हे जरा उठले तरी मला जाग येईल."

अरविंदरावांनी खिडकीचा गज धरला. बावीस वर्षं ज्या आवाजाला ते शिव्या घालत होते, तो मुद्दाम मागवलेला होता. त्यांच्यावर पहारा होता, आणि पहारेकऱ्याला त्यांच्याइतकीच झोप मोडावी लागत होती. त्यांना एकदम लाज वाटली, आणि लाजेबरोबर आठवलं, आता किती वाजले असतील!

"अनुपमा, मी एक भयंकर गोष्ट केलीय. पलंग. रावजीला मीच..."

"ठाऊक आहे. ग्रुपवर वाचलं."

"मग महाड?"

"महाडला कोण जातंय? मी आणि दादा साळूबाईंच्या माजघरात बसून होतो. पलंग मोडलेला, दारं उतरवलेली, आणि तुम्ही दुपारचे झोपणार. तुम्हाला एकटं टाकून जाईन मी? दादाला सांगितलं, पलंग मागच्या बाजूने उचल आणि रावजीभावजींच्याच परसात गवताखाली लपव. त्यांच्या परसात चोरी करायला कोण जाणार?"

अरविंदरावांनी पत्नीकडे नव्याने पाहिलं. ज्या मेंदूच्या शोधात त्यांनी तीन परदेशी मालिका संपवल्या होत्या तो रोज त्यांना भाकरी वाढत होता.

"पण मला स्टँडवरच का नाही उठवलंस?"

अनुपमाबाईंनी त्यांच्या काखेतली उशी सरळ केली. "उठवणार होते. हात पुढे केला होता. मग वाटलं, बावीस वर्षं अडवते आहे. एकदा बघू तरी, हा माणूस जातो कुठे. कंडक्टरने विचारलं, तिकीट कुठलं? म्हटलं, हे जिथे जागे होतील तिथलं."

पुढच्या वळणावरच्या चहाच्या टपरीशी ते उतरले. अरविंदराव नुसत्या गंजीवर, उशी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसले, आणि टपरीवाल्याने काही न विचारता दोन चहा दिले. खाली पोलादपूर काड्यापेट्यांसारखं दिसत होतं.  परतीला एक स्ट्रॉबेरीचा टेम्पो मिळाला.

आळीत पोचेपर्यंत उन्हं कलली होती आणि होळी रचून तयार होती. रावजीने लांबूनच डोळा मारला. "भाऊ, काम फत्ते! जरा जड गेला, पण दोन्ही फळ्या आणल्या."

अरविंदरावांनी वर पाहिलं. लाकडांच्या ढिगावर, सगळ्यात उंच, त्यांच्या घराची दोन सागवानी दारं उभी होती. एकावर पितळी पाटी चमकत होती: अ. कु. मोरे, वाहतूक नियंत्रक. रावजीच्या माणसांनी खुंट्या काढलेला पलंग कधी पाहिलाच नव्हता. पडवीतलं लाकूड म्हटलं होतं, पडवीत दोन मोठ्या फळ्या होत्या. पाटीबद्दल एकाला शंका आली होती, पण भाऊंनी पलंगावरही नाव घातलं असेल, असं बाकीच्यांचं मत पडलं.

अरविंदरावांनी तोंड उघडलं. आळी त्यांच्याकडे बघत होती. दारमास्तर, असं नाव हवेत तरंगत असलेलं त्यांना स्पष्ट दिसलं. त्यांनी तोंड मिटलं, शक्य तितके हसले, अनुपमाबाईंनी हातात दिलेला नारळ वाहिला, आणि स्वतःच्या नावाभोवती जाळ चढताना हात जोडून उभे राहिले. साळूबाई शेजारी येऊन म्हणाल्या, "रंगाचं बरं झालं रं. दारांचा खर्च वाचला."

धुळवडीच्या दिवशी हैबती पलंग पुन्हा उभा करायला बसला. घराला दार नसल्यामुळे आळीतलं कोणीही, त्यात दोन कोंबड्या आणि एक वासरू धरून, आत येऊन काम बघून जात होतं. शेवटच्या खुंटीपाशी हैबती थांबला. त्याने ती तळहातावर घेऊन अरविंदरावांसमोर धरली.

"दाजी, रागावलो न्हाई मी. पण सांगायचं व्हतंत. ही बारीक तासली की आवाज बंद. एका खुंटीचं काम हाय. तासू?"

अरविंदरावांनी खुंटीकडे पाहिलं, मग उघड्या चौकटीतून दिसणाऱ्या रस्त्याकडे, मग बायकोकडे. आयुष्यात इतकं मोठं मन त्यांचं पूर्वी कधी झालं नव्हतं. "नको हैबतीदादा," ते म्हणाले. "राहू दे. वाजू दे त्याला."

"तास रे दादा," अनुपमाबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं मी पण झोपल्ये नाय."

"अगं, पण मी उठलो तर? दारं पण नाहीत."

"उठलात तर उठलात." बाईंनी पदर कमरेला खोचला आणि नवी चादर झटकली. "जाताना मला हाक मारा. मी तरी कुठे गेल्येय आजवर?"

हैबतीने खुंटी तासायला घेतली. अनुपमाबाईंनी स्वतःच्या चपला आणून पलंगाखाली नीट जोडीने ठेवल्या, आणि मग त्यांच्याशेजारी अरविंदरावांच्या.